कुणाचा माणूस?

डिसेंबर २००६ मध्ये सॉलोमन बेटांचे पोलीस आयुक्त शेन कॅसल्स सुट्टीसाठी मायदेशी, म्हणजे ऑस्ट्रेलियात गेले होते. तिथेच त्यांना कळलं की बेटांच्या राजधानीतल्या, होनियारातल्या, सरकारने त्यांना परत यायला मनाई केली आहे. ज्या देशाच्या पोलिसांचे ते प्रमुख होते, त्याच देशाच्या विमानतळावर उतरायची त्यांना बंदी झाली. पंतप्रधान मनासे सोगावारे यांची खात्री झाली होती की हा अधिकारी आपल्या सरकारचा नाही, कॅनबेराचा, म्हणजे ऑस्ट्रेलिया सरकारचा आहे. ऑस्ट्रेलिया म्हणत होता, चोख तपास करणाऱ्या अधिकाऱ्याला राजकारणापायी हाकललं. दोन देशांत इतकी कटुता आली की ऑस्ट्रेलियाच्या परराष्ट्रमंत्र्यांनी, अलेक्झांडर डाउनर यांनी, २००७ च्या फेब्रुवारीत सॉलोमनच्या जनतेला उद्देशून तिथल्या वर्तमानपत्रात उघड पत्र छापून आणलं. एका देशाचा मंत्री दुसऱ्या देशाच्या सरकारला ओलांडून थेट तिथल्या लोकांशी बोलू लागला, आणि मुळाशी प्रश्न होता पोलीसप्रमुख कोण नेमणार हा.

मी सांगलीत आयुष्यभर इतिहास शिकवला. प्रशांत महासागरातल्या त्या बेटांशी माझा काही संबंध नाही. पण ती बातमी वाचली तेव्हापासून हे प्रकरण माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. मिळेल तिथून त्याबद्दल वाचत आले. कारण ज्या प्रश्नावर ते दोन देश भांडत होते, तो प्रश्न माझ्या लहानपणी आमच्या घरात, पोलीस लाईनीतल्या दोन खोल्यांत, दर बदलीच्या हंगामात विचारला जायचा.

आधी ती बेटं. सॉलोमन बेटं १९७८ साली ब्रिटिशांपासून स्वतंत्र झाली. २००३ साली तिथली लोकसंख्या साडेचार लाखांच्या आसपास होती. आपली सांगली-मिरज-कुपवाड महापालिका २०११ च्या जनगणनेत पाच लाखांची भरली, त्यावरून अंदाज यावा. एवढा लहान देश, शेकडो बेटांवर पसरलेला, डझनावारी भाषांचा. १९९८ पासून तिथे ग्वादालकनाल बेटाचे मूळ रहिवासी आणि शेजारच्या मलैता बेटावरून येऊन स्थायिक झालेले लोक यांच्यात हत्यारबंद झगडा सुरू झाला. जमीन, नोकऱ्या, राजधानीतलं वजन, असे सगळे जुने विषय होते.

या झगड्यात पोलिसांचं जे झालं, ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. जून २००० मध्ये मलैतन बंडखोरांनी होनियारातलं पोलिसांचं शस्त्रागार ताब्यात घेतलं, आणि पोलिसांतल्याच काही जणांनी त्यांना साथ दिली. पंतप्रधान बार्थोलोम्यू उलुफालू यांना बंदुकीच्या धाकाने पायउतार व्हावं लागलं. म्हणजे रक्षण करणाऱ्याच्या हातातली बंदूक एका गटाची झाली. त्यानंतर ग्वादालकनालच्या एखाद्या बाईने घर जळल्याची तक्रार घेऊन कुठे जायचं? ठाण्यात बसलेला शिपाई तिच्या शत्रूचा भाऊबंद असण्याची शक्यता होती. ऑक्टोबर २००० मध्ये ऑस्ट्रेलियातल्या टाउन्सव्हिल इथे शांतता करार झाला, पण करारावर सह्या झाल्या म्हणून शिपायावरचा विश्वास परत येत नाही. पुढची तीन वर्षं खंडणी, धमक्या, सरकारी तिजोरीची लूट चालू राहिली.

अशा अवस्थेत लोकांना परका माणूस हवासा वाटला, हे समजून घेतल्याशिवाय पुढचं काही नीट कळत नाही. २००३ च्या सुरुवातीला विल्यम मोरेल नावाचे ब्रिटिश अधिकारी पोलीस आयुक्त म्हणून आले. त्यांचा ना मलैतात मामा होता, ना ग्वादालकनालमध्ये सासरवाडी. हीच त्यांची पात्रता होती. त्याच वर्षी पंतप्रधान अ‍ॅलन केमाकेझा यांनी ऑस्ट्रेलियाकडे मदत मागितली, सॉलोमनच्या संसदेने त्यासाठी कायदा केला, आणि २४ जुलै २००३ रोजी ऑस्ट्रेलियाच्या नेतृत्वाखाली प्रशांत महासागरातल्या देशांचं संयुक्त पथक होनियाराच्या विमानतळावर उतरलं. दोन हजारांहून अधिक माणसं होती. त्या मोहिमेला सगळे रॅम्सी म्हणत. काही महिन्यांत साडेतीन हजारांहून जास्त बंदुका लोकांनी आणून दिल्या. शेकडो पोलिसांना सेवेतून कमी केलं गेलं, कित्येकांवर खटले झाले. बाजार भरू लागले, शाळा उघडल्या.

२४ जुलै ही तारीख सांगलीकराच्या मनात आणखी एका कारणाने असते. बरोबर साठ वर्षं आधी, २४ जुलै १९४३ रोजी, वसंतदादा पाटील आणि त्यांच्या साथीदारांनी सांगलीचा तुरुंग फोडला होता. पहाऱ्यावरच्या पोलिसांच्या बंदुका हिसकावून, तटावरून खंदकात उड्या टाकून ते पळाले. अण्णा पत्रावळे आणि बाबूराव जाधव गोळीबारात गेले, दादांना गोळी लागली. दोन्ही घटना एकाच तारखेला घडल्या हा निव्वळ योगायोग, आणि त्यातून काही सिद्ध होत नाही. पण त्यामुळे माझ्या मनात त्या शेजारी शेजारी बसल्या आहेत. एका ठिकाणी लोकांनी परक्या सत्तेच्या पोलिसांच्या हातून बंदुका घेतल्या, दुसऱ्या ठिकाणी लोकांनी आपल्याच बंदुका परक्या पोलिसांच्या हाती नेऊन दिल्या. दोन्ही वेळी लोक शहाणे होते असं मी मानते.

ऑगस्ट २०१९ चा महापूर आम्ही सांगलीकर विसरणार नाही. पाणी चढत गेलं तेव्हा राष्ट्रीय आपत्ती दलाचे जवान आले, लष्कर आलं, नौदलाच्या बोटी आल्या. गच्चीवर अडकलेल्या माणसाने बोट पुढे आली तेव्हा आत कोण आहे, कुठल्या राज्याचा आहे, हे विचारलं नाही. हात दिला आणि बसला. पण समजा पाणी ओसरल्यावर त्या बोटवाल्यांनीच तलाठ्याचं दप्तर हातात घेतलं असतं, सातबारावर कुणाचं नाव लावायचं ते ठरवायला सुरुवात केली असती, तर? ज्यांनी जीव वाचवला त्यांच्याशीच आम्ही भांडलो असतो. त्यात कृतघ्नपणा नसता. सॉलोमनच्या लोकांचं तसंच झालं. पुरातून काढणाऱ्या हातांबद्दल त्यांना राग नव्हता. पाणी ओसरल्यावर दप्तर कुणाच्या हातात, याचा हिशेब त्यांना लागत नव्हता.

कॅसल्स २००५ साली मोरेल यांच्या जागी आले. ऑस्ट्रेलियाच्या फेडरल पोलिसांतले अधिकारी. एप्रिल २००६ मध्ये निवडणुकीनंतर स्नायडर रिनी पंतप्रधान झाले आणि होनियारात दंगल उसळली, चायनाटाउन जवळजवळ सगळं जळालं. एवढं परदेशी पथक शहरात असताना हे थांबलं नाही, याचा ओरखडा रॅम्सीच्या नावावर उमटला. रिनी काही दिवसांत गेले, सोगावारे आले. त्यांनी दंगलीच्या चौकशीसाठी आयोग नेमला. ऑस्ट्रेलियाने त्यावर आक्षेप घेतला, आणि सप्टेंबरमध्ये सोगावारे यांनी ऑस्ट्रेलियाचे उच्चायुक्त पॅट्रिक कोल यांना देशाबाहेर काढलं.

मग ज्युलियन मोती यांचं प्रकरण. मोती हे फिजीत जन्मलेले भारतीय वंशाचे वकील, ऑस्ट्रेलियाचे नागरिक. सोगावारे यांना ते महाधिवक्ता म्हणून हवे होते. त्यांच्यावर वानुआतूत १९९७ च्या सुमारास एका अल्पवयीन मुलीवरील लैंगिक अत्याचाराचा आरोप होता. तिथल्या न्यायालयाने १९९९ मध्ये तो फेटाळला होता. ऑस्ट्रेलियाने तोच आरोप आपल्या कायद्याखाली पुन्हा उभा केला. सप्टेंबर २००६ च्या अखेरीस मोतींना पापुआ न्यू गिनीत अटक झाली, जामिनावर सुटल्यावर ते लष्कराच्या विमानातून गुपचूप सॉलोमनला पोचले. ते देशात कसे शिरले याच्या तपासात ऑक्टोबर २००६ मध्ये पोलिसांनी पंतप्रधानांच्या कार्यालयाची झडती घेतली. पोलीसप्रमुख ऑस्ट्रेलियन, तपास ज्याच्यासाठी चालला तो आरोपी ऑस्ट्रेलियाला हवा असलेला, आणि झडती देशाच्या पंतप्रधानांच्या दाराआड.

इथे मला दोन्ही बाजूंना काही सांगायचं आहे. एखाद्या मुलीवर अत्याचाराचा आरोप असेल तर त्याची तड लागलीच पाहिजे, आणि आरोपी पंतप्रधानांच्या मर्जीतला आहे म्हणून तपास थांबता कामा नये. स्वाभिमानाच्या नावाखाली सोगावारे जे वाचवू पाहत होते त्यात देशाची शान कितीशी होती? पंतप्रधानांच्या कार्यालयाला कायदा लागू होत नाही असं कुणीच म्हणू शकत नाही. पण तीच झडती सॉलोमनच्या एखाद्या अधिकाऱ्याने घेतली असती, तिथल्या आयोगाने निवडलेल्या, तिथल्या संसदेला उत्तर द्यायला बांधलेल्या, तर गोष्ट कायद्याची राहिली असती. कॅसल्स यांनी काम प्रामाणिकपणे केलं असेल, नसेलही. ते कुणाला कधी पटणारच नव्हतं. एका देशाच्या सेवेतला माणूस दुसऱ्या देशाच्या खुर्चीत बसला की त्याच्या सरळ वागण्यालाही दुहेरी अर्थ येतो. त्याची शिक्षा त्यालाही होते आणि फिर्यादीलाही.

पुढे तेच झालं. सोगावारे यांनी २००७ मध्ये फिजीचे जहीर खान यांना पोलीस आयुक्त केलं. म्हणजे परक्याच्या जागी परकाच, फक्त आपण निवडलेला. डिसेंबर २००७ मध्ये सोगावारे यांचं सरकार पडलं, डेरेक सिकुआ आले, आणि त्याच महिन्यात मोतींना ऑस्ट्रेलियाच्या हवाली करण्यात आलं. खटला तर चाललाच नाही. डिसेंबर २०११ मध्ये ऑस्ट्रेलियाच्याच सर्वोच्च न्यायालयाने तो कायमचा थांबवला, कारण मोतींना सॉलोमनमधून बाहेर काढणं तिथल्या कायद्याविरुद्ध होतं आणि ऑस्ट्रेलियन अधिकाऱ्यांना ते ठाऊक असूनही त्यांनी त्याला हातभार लावला. आरोप खरा की खोटा, हे त्या खटल्यात ठरायची वेळच आली नाही. ज्या मुलीच्या नावाने हे सगळं सुरू झालं तिला दोन्ही सरकारांकडून काय मिळालं, या विचाराने मला आजही चीड येते.

आता आमच्या घरातली गोष्ट.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, हवालदार म्हणून निवृत्त झाले. सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या तालुक्याच्या गावांत त्यांची नोकरी झाली. नवीन फौजदार येणार असं कळलं की लाईनीतल्या बायका पाण्याच्या नळावर आणि पुरुष ठाण्याच्या पायरीवर एकच विचारायचे, "कुणाचा माणूस?" जात नव्हे, गाव नव्हे, शिक्षण नव्हे. त्याला इथे कुणी आणलं? कारखान्याच्या चेअरमननी? मुंबईतल्या मंत्र्यानं? की सरळ यादीतून आला, कुणाचाच नाही? शेवटचं उत्तर आलं तर अण्णांचा चेहरा जरा सैल व्हायचा.

एकदा अशाच, कुणाचाच नसलेल्या फौजदाराने साखर कारखान्याच्या निवडणुकीतल्या मारामारीत एका बड्या घरातल्या पोराला आत घेतलं. मार खाल्लेला माणूस गरीब होता, ऊसतोडीच्या मुकादमाकडे कामाला. फौजदाराने गुन्हा नोंदवला, पंचनामा केला, मागे हटला नाही. पंधरवडाही गेला नसेल, त्याच्या बदलीचा हुकूम आला. सामान भरलेल्या ट्रकपाशी अण्णा उभे होते. घरी आल्यावर मी विचारलं, "अण्णा, साहेबांनी चूक केली का काही?" अण्णा म्हणाले, "चूक कसली, बाळ. साहेब चांगला का वाईट ते लोक मागनं बघत्यात. आधी बघत्यात, त्यो कुणाचं ऐकतोय. ह्यो कुणाचंच ऐकंना." नवीन साहेब आले, आणि त्या गरीब माणसाने तक्रार मागे घेतली.

म्हणून मला सॉलोमनच्या लोकांचा प्रश्न परका वाटत नाही. आमच्या तालुक्याला चेअरमन होते, त्यांना कॅनबेरा होतं. आणि कॅनबेरा हटवल्यावर काय उरतं? सोगावारेंच्या हातात पोलीस गेले असते तर होनियारातल्या कामगाराला न्याय मिळाला असता, असं मला अण्णांच्या मुलीला तरी कुणी सांगू नये.

परक्याच्या हातातला न्याय कसा असतो हे सातारकराने फार पूर्वी पाहिलं आहे. १८१८ मध्ये पेशवाई संपली आणि इंग्रजांनी छत्रपती प्रतापसिंह महाराजांना साताऱ्याच्या गादीवर बसवलं. २५ सप्टेंबर १८१९ च्या तहाने राज्य दिलं, पण इतर कुठल्याही सत्तेशी पत्रव्यवहार करायचा नाही, इंग्रजांच्या सल्ल्याने चालायचं, ही अट घातली. सुरुवातीला कारभार इंग्रजांनी दरबारी नेमलेले अधिकारी, म्हणजे रेसिडेंट, जेम्स ग्रँट डफ यांच्याच हाती होता, १८२२ मध्ये तो महाराजांकडे आला. प्रतापसिंहांनी तो मन लावून केला. शहराला पाणी आणलं, रस्ते केले, शाळा काढल्या, न्यायाची व्यवस्था लावली. खटका उडाला तो जहागीरदारांवरून. तहाप्रमाणे त्यांच्यावर हुकमत कुणाची? महाराज म्हणत आपली, मुंबई सरकारला ते मान्य होईना. मग १८३६ मध्ये महाराजांवर कंपनीच्या पलटणीतले शिपाई फितवल्याचा आरोप आला. चौकशी करणारे इंग्रज, पुरावा तोलणारे इंग्रज, शिक्षा ठरवणारेही इंग्रजच. १८३९ मध्ये महाराजांना पदच्युत करून काशीला पाठवलं, तिथेच १८४७ मध्ये ते वारले. रंगो बापूजी गुप्ते महाराजांची बाजू मांडायला लंडनला गेले आणि तेरा-चौदा वर्षं तिथे झगडत राहिले. ते काय मागत होते हे वर्गात सांगताना माझा आवाज दरवेळी चढायचा. आरोपीला आपलं म्हणणं मांडायची संधी द्या, चौकशी उघड करा, एवढीच मागणी. ती मिळाली नाही. १८४८ मध्ये सातारा खालसा झालं.

रेसिडेंट सगळेच दुष्ट होते असं नाही. प्रतापसिंहांचं कौतुक करणारे इंग्रज अधिकारीही होते. पण त्या कौतुकावर महाराजांची गादी टिकली नाही, कारण रेसिडेंट बदलला की कौतुकही बदलायचं. साताऱ्याची रयत त्याला काही विचारू शकत नव्हती.

मग १९४२. ९ सप्टेंबरला वडूजच्या कचेरीवर परशुराम घार्गे यांच्या नेतृत्वाखाली मोर्चा गेला. गोळीबारात नऊ जण हुतात्मा झाले. गोळ्या झाडणारे बहुतेक शिपाई याच मातीतले असणार, मराठी बोलणारे. म्हणजे शिपाई आपला असून भागत नाही. हुकूम देणारा कुणाला जबाबदार आहे, तिथे सगळं अडतं. पुढच्या वर्षीपासून सातारा जिल्ह्याच्या गावागावांत, आजचा सांगली जिल्हा तेव्हा बराचसा त्यातच होता, क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार उभं राहिलं. त्याची तुफान सेना होती, न्यायदान मंडळं होती. लोक फौजदाराकडे जायचं सोडून तिथे जाऊ लागले. कुंडल हे त्याचं मोठं केंद्र, आणि कुंडल तेव्हा औंध संस्थानात होतं. ब्रिटिश मुलुखातल्या पोलिसांना संस्थानाच्या हद्दीत हवं तसं वागता येत नसे, आणि औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी तर १९३९ मध्येच आपला राज्यकारभार गावपंचायतींकडे सोपवायची घटना केली होती. एका लहानशा संस्थानाची हद्द, पण त्या हद्दीने माणसं वाचवली.

माझी आजी तासगाव तालुक्यातली. पोलीस पार्टी गावात आली की गडी माणसं उसात पसार व्हायची आणि बायका पोलिसांसमोर ठार अडाणी व्हायच्या, असं ती सांगायची. पण ती हेही सांगायची की प्रतिसरकारच्या शिक्षेला लोक भ्यायचे. तळपायावर मार बसायचा तो गुन्हेगाराला, पण शहानिशा घाईची झाली तर? हा तिचा प्रश्न होता, आणि तिने तो क्रांतिकारकांबद्दलचा सगळा आदर मनात ठेवून विचारला होता. मंडळात गावचीच माणसं बसत, चुकलं तर दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर त्यांना तोंड दाखवावं लागे. ती धास्ती हाच तेव्हाचा अंकुश. तेवढ्यावर मोठं राज्य चालत नाही, पण तेवढाही नसला की काय होतं ते आपण पाहिलं.

१५ ऑगस्ट १९४७ रोजी मुंबईच्या पोलीस आयुक्तपदी जे. एस. भरुचा आले, पहिले भारतीय. स्वातंत्र्याचा दिवस आणि त्या खुर्चीतला माणूस बदलण्याचा दिवस एकच. इजिप्तला यासाठी फार थांबावं लागलं. १९२२ मध्ये देश स्वतंत्र म्हणवला गेला, तरी कैरोच्या पोलिसांचा प्रमुख १९४६ पर्यंत इंग्रजच होता, रसेल पाशा. अमली पदार्थांच्या व्यापाराविरुद्ध त्यांनी मोठं काम केलं हे खरं आहे. तरीही ज्या देशाची राजधानी परक्या कमांडंटच्या ताब्यात, तो देश स्वतंत्र कसा म्हणायचा?

खुर्चीतला माणूस आपला झाला, पण त्याला नेमणारा हात मोकळाच राहिला. हे सर्वोच्च न्यायालयाने नीट हाताळायला २००६ उजाडलं. निवृत्त पोलीस महासंचालक प्रकाश सिंह यांनी १९९६ मध्ये याचिका केली होती, निकाल आला २२ सप्टेंबर २००६ रोजी. त्याच महिन्यात तिकडे सोगावारे उच्चायुक्तांना हाकलत होते आणि मोतींना अटक होत होती. न्यायालयाने सांगितलं, राज्याचा पोलीसप्रमुख लोकसेवा आयोगाने निवडलेल्या तिघांतून घ्या, त्याला किमान दोन वर्षं द्या, ठाण्याच्या प्रमुखापर्यंत मुदत पाळा, बदल्यांसाठी मंडळ नेमा, तक्रारींसाठी प्राधिकरण करा. अण्णा तेव्हा निवृत्त झाले होते. मी त्यांना पेपर वाचून दाखवला. ठाण्याच्या प्रमुखाला दोन वर्षं, हे वाक्य त्यांनी परत वाचायला लावलं. त्यांना तो ट्रक आठवला असणार, पण ते बोलले नाहीत आणि मी विचारलं नाही.

राज्यांनी काय केलं? अनेकांनी आपापले कायदे केले आणि त्यांत नेमणुकीची दोरी परत मंत्रालयाकडे ओढून घेतली. महाराष्ट्राने २०१४ मध्ये पोलीस कायद्यात दुरुस्ती केली, आस्थापना मंडळं आणि तक्रार प्राधिकरण आलं. पण मुदतीआधी बदली करण्याची वाट त्यात ठेवलेली आहे, अपवाद म्हणून. राज्यं प्रभारी महासंचालक नेमून वेळ मारून नेत होती म्हणून न्यायालयाला ३ जुलै २०१८ रोजी पुन्हा सांगावं लागलं की प्रभारी नेमू नका. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर निवडणूक आयोगाने राज्याच्या पोलीस महासंचालकांना बदललं, आणि निकालानंतर त्या पुन्हा पदावर आल्या. त्या व्यक्तीबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण मतदानाचे काही आठवडे तटस्थ पोलीसप्रमुख लागतो आणि उरलेली पाच वर्षं लागत नाही, हे मला कळत नाही. रोजची मारामारी, रोजची फिर्याद, रोजचा पंचनामा यांना तटस्थपणा नको का?

पॅसिफिकमध्ये इतरांनीही हा झगडा पाहिला. पापुआ न्यू गिनीत २००४ मध्ये ऑस्ट्रेलियाचे पोलीस मोठ्या संख्येने आले, त्यांना स्थानिक कायद्यातून सूट देण्यात आली होती. मे २००५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ती सूट घटनाबाह्य ठरवली आणि काही दिवसांत ते पोलीस परत गेले. या निकालाचं मला मनापासून कौतुक वाटतं. न्यायालयाने मदत नाकारली नाही. मदत करणाऱ्याने आमच्या न्यायालयासमोर उभं राहायला तयार असावं, एवढंच म्हटलं. फिजीत पोलीस आयुक्त अँड्र्यू ह्यूज ऑस्ट्रेलियन होते. २००६ च्या अखेरीस लष्कराने सत्ता घेतली त्याच्या तोंडावर त्यांना देश सोडावा लागला.

रॅम्सी जून २०१७ मध्ये सॉलोमनमधून बाहेर पडली. सप्टेंबर २०१९ मध्ये सोगावारे, आता पुन्हा पंतप्रधान, तैवानला सोडून चीनकडे वळले. नोव्हेंबर २०२१ मध्ये होनियारा पुन्हा पेटलं तेव्हा पोलीसप्रमुख तिथलेच होते, मोस्टिन मंगाउ. तरी मदतीला ऑस्ट्रेलियालाच बोलवावं लागलं. एप्रिल २०२२ मध्ये चीनबरोबर सुरक्षा करार झाला, त्याचा मसुदा आधीच फुटल्याने कॅनबेरा आणि वॉशिंग्टनमध्ये खळबळ उडाली होती. जुलै २०२३ मध्ये पोलीस सहकार्याचा वेगळा करार बीजिंगमध्ये झाला. चिनी प्रशिक्षक तर त्याआधीपासूनच सॉलोमनच्या शिपायांना शिकवत होते. डिसेंबर २०२४ मध्ये, पंतप्रधान जेरेमाया मनेले असताना, ऑस्ट्रेलियाने तिथल्या पोलिसांसाठी १९ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर जाहीर केले. आता आयुक्त कुठल्या देशाचा हा वाद राहिलेला नाही. गाडी कुणाची, प्रशिक्षण कुणाचं, बराक कुणी बांधली, पेट्रोलचा खर्च कोण देतो, यातून तोच प्रश्न परत येतो. आणि दोन मोठे देश देणग्या देत असताना होनियारातला तो शिपाई, ज्याला आपल्या बेटावरच्या भांडणात निवाडा करायचा आहे, त्याला बढती कुणाच्या शब्दावर मिळेल?

सॉलोमनच्या घटनेत यासाठी पोलीस आणि तुरुंग सेवा आयोग आहे. पंतप्रधानांनी त्याच्याशी विचारविनिमय करून आयुक्ताचं नाव सुचवायचं असतं. विचारविनिमय करून, एवढंच. आयोग नको म्हणाला तर नाव थांबतं का, तिथे ते बळ कच्चं आहे, आणि आपल्याकडेही लोकसेवा आयोगाच्या यादीला वळसा घालायच्या वाटा मंत्रालयाला सापडल्या. माझं म्हणणं असं आहे की परका हात दूर ठेवायचा असेल तर घरातला आयोग आधी भक्कम करावा लागतो. ज्या देशात मंत्र्याच्या फोनने फौजदार हलतो, तिथे परक्या राजदूताचा फोनही लागतो. सोगावारे यांनी २००६ मध्ये कॅसल्सना रोखताना त्याच दिवशी हा आयोग स्वतःपासूनही मोकळा केला असता, तर मी त्यांच्या बाजूने उभी राहिले असते.

अण्णा आता नाहीत. त्यांच्या जागी माझा भाचा खात्यात आहे, पोलीस नाईक होता, आता हवालदार. परवा त्याला विचारलं, नवीन साहेब कसे आहेत? तो म्हणाला, "मावशी, बरे आहेत. पण कुणाचे आहेत ते अजून कळंना." मग मी ठरवलं. पुढच्या निवडणुकीत जो कुणी उमेदवार मत मागायला दारात येईल, पक्ष कुठलाही असो, त्याला एकच विचारायचं: तुमच्या तालुक्यातल्या ठाणेदाराची मुदत संपायच्या आत बदली झाली, तर तिचं कारण ठाण्याच्या फळ्यावर लेखी लावायला तुम्ही सरकारला भाग पाडाल का? शेजारच्या बायकांनाही सांगितलंय. त्यांच्यातल्या दोघी-तिघी विचारणार आहेत.